महाराजांची वाढलेली झाडं

"शेजारच्या राजाची नगरी हिरवीगार, आणि आपली तिच्यापुढं फिकी? छे, छे, छे!"

पाहुणचार झोडून परतलेला राजा मानधवल मेण्यातून उतरता उतरताच गरजला, "प्रधानजी, आपली नगरी तिच्याहून हिरवी झाली पाहिजे! झाडांचं काय?"

प्रधान जयंतपंतांनी हात जोडले. "झाडं तर केव्हाच वाढली, महाराज!"

"आणि तळं?"

"तळंही वाढलं!"

"मग अडलंय कुठं? वेशीवर भली थोरली लाकडी कमान उभारा, ती हिरवीगार रंगवा आणि वर लिहा, 'हरित नगरी'! लाकडासाठी बाजारातला कडुलिंब घ्या. एवढी झाडं वाढलीत, त्यातलं एक!"

आता खरी गंमत ऐका. त्या नगरीत तेवढा एकच कडुलिंब उरला होता! राजाला अशुभ शब्दांचा मोठा धसका. दरबारात कुणी तुटलं, आटलं, मेलं असं म्हणालं की त्याची रवानगी थेट वेशीबाहेर. मग दरबाऱ्यांनी एक नामी युक्ती काढली. बांगडी फुटली तर बायका 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. नारळही कुणी फोडत नाही, वाढवतो. झालं! जंगल तोडून संपलं तेव्हा प्रधानजी म्हणाले, "वाढलं!" तळ्यात, विहिरींत चिखलसुद्धा उरला नाही तेव्हाही म्हणाले, "वाढलं!" राजा ऐकून खूश. नजरेला अशुभ काही पडू नये म्हणून तो आपल्या नगरीत फिरायचा तोही पडदे ओढलेल्या मेण्यातून. त्याला कळणार कसं?

त्या कडुलिंबाखाली भिवरा कासारीण बांगड्या भरायला बसायची. उन्हं चढली की भाजीवाल्या, हमाल, गाढवं, सगळा बाजार त्याच सावलीला गोळा व्हायचा. सुतार करवती घेऊन आले तशी ती ताडकन उठली आणि दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, तो कडुलिंब तोडला तर उन्हानं आम्ही मेलो म्हणून समजा!"

सगळ्या दरबारानं कानांवर हात ठेवले. एका दमात दोन अशुभ शब्द! राजा संतापानं लाल झाला.

"बाई, उद्या दुपारपर्यंत सवड देतो. एकही अशुभ शब्द न उच्चारता तो कडुलिंब का राखायचा ते मला पटवून दे. जमलं तर ठीक, नाहीतर झाड कमानीला आणि तू वेशीबाहेर!"

जयंतपंत मिशीतल्या मिशीत हसले. "अगं, एका झाडासाठी कशाला जीव टाकतेस? आपल्या नगरीत झाडं वाढलीच आहेत की!"

"वाढली?" भिवरानं त्यांच्याकडं टक लावून पाहिलं. मग तीही हसली. "असं होय! येते मी उद्या."

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. भिवरा हातात बांगड्यांची माळ घेऊन आली आणि राजाला मुजरा करून म्हणाली, "महाराज, काल जीभ घसरली. आज आधी तुमच्यासाठी देवाकडं मागणं मागते. प्रधानजींनी फक्त 'तथास्तु' म्हणावं."

"माग, माग!" राजा खुलला.

भिवरानं डोळे मिटले. "देवा, या नगरीत झाडं जशी वाढली, तसाच महाराजांचा खजिना वाढो!"

जयंतपंतांचा चेहरा पडला. "त... त..."

"म्हणा की!" राजा ओरडला.

"तळं जसं वाढलं, तसंच महाराजांचं राज्य वाढो! आणि विहिरी जशा वाढल्या, तसंच महाराजांचं आयुष्य..."

"थांब, थांब! देवा, हिचं ऐकू नकोस!" जयंतपंत किंचाळले.

राजा सिंहासनावरून उठलाच. "प्रधानजी! माझं आयुष्य वाढू नये म्हणता?"

"वाढावं, महाराज! पण... त्या अर्थानं नको!"

"कोणत्या अर्थानं?"

जयंतपंत पुरते पेचात सापडले. खरा अर्थ सांगावा तर अशुभ शब्द, न सांगावा तर राजद्रोह!

"प्रधानजींना त्रास कशाला? अर्थ माझ्याकडं आहे," असं म्हणत भिवरानं एक हिरवी बांगडी काढली आणि राजासमोर धरून दाबली. कट्! "महाराज, ही काय झाली?"

"वाढली," राजा सहज बोलून गेला. आणि तसाच थबकला. त्यानं फरशीवरच्या काचांकडं पाहिलं, मग प्रधानजींकडं. "म्हणजे... माझी झाडंही?"

"अश्शीच वाढली, महाराज."

राजानं मेणा मागवला आणि स्वतःच्या हातानं त्याचे पडदे ओढून काढले. नगरीभर फिरला. उघडे डोंगर, भेगाळलेलं तळं, तापलेले रस्ते. शेवटी घामाघूम होऊन तो बाजारात, कडुलिंबाखाली टेकला. वाऱ्याची झुळूक आली. गाढवाशेजारी बसून राजानं मोठा सुस्कारा टाकला.

"भिवराबाई, पटलं! आजपासून बांगडी आणि नारळ सोडून बाकी कशालाही 'वाढलं' म्हणायचं नाही. झाड तुटलं तर तुटलं म्हणा, माझ्या तोंडावर म्हणा! तुला बक्षीस म्हणून सोन्याच्या बांगड्या!"

"नको, महाराज! सोन्याच्या बांगड्या कधी वाढत नाहीत. सगळ्याच बायका तसल्या मागायला लागल्या, तर माझा धंदा कसा चालायचा?"

"मग काय हवं?"

"डोंगरावर रोपं लावा आणि त्यांना राजवाड्याच्या विहिरीचं पाणी द्या. तळ्यातला गाळ काढा. आणि डोक्यावर घागरी, पाट्या घेऊन पुढं प्रधानजी असू द्यात. झाडं वाढवायचा त्यांना फार सराव आहे!"

सारा बाजार फिदीफिदी हसला. "दिलं!" राजा म्हणाला. जयंतपंतांनी निमूटपणे पागोटं काढून डोक्यावर चुंबळ ठेवली.

एवढ्यात राजाला आठवण झाली. त्यानं वेशीकडं मान वळवली. तिथं कमानीसाठी जुन्या लाकडाचे नुसते खांब रोवले होते, तेही राजाचं 'पटलं' कानी पडताच सुतारांनी उपटून ठेवले होते.

"अरेच्चा! आणि माझी कमान?"

भिवरा कासारीण पदर सावरत म्हणाली, "ती वाढली, महाराज!"

राजा असा खदखदून हसला, की गाढवसुद्धा दचकून उठलं!