कणकेचा गोळा

चूक सगळी हंड्याची आणि परातीची, टाळाची नव्हे. फार पूर्वी एका स्वयंपाकघरात या दोघा थोरल्यांनी एका पितळी टाळाला भाताच्या पातेलीचं झाकण म्हणून वाढवलं. मधल्या भोकातून वाफ निघाली की तो किणकिणायचा, म्हणून भोकात कणकेचा गोळा ठासला.

एकदा समोरच्या खुंटीवर दुसरा टाळ आला आणि याचा जीव तिकडेच लागला.

"मला तो आवडतो," टाळ म्हणाला. "मी झाकण नाही."

"ते का आम्हाला ठाऊक नाही?" परात म्हणाली. "पण शेजारच्या चुलीला कशाला कळायला हवं? पातेली गुणाची आहे. बस गप तिच्यावर."

"पातेलीला विचारलंत का कधी?"

"जाऊ दे त्याला, मावशी," पातेली म्हणाली. "हा मला कधी नीट बसलाच नाही."

आणि तिने मुद्दाम जोरात उकळी घेतली. गोळा उडाला तो हंड्याच्या कपाळावर चिकटला, टाळ उडाला तो थेट खुंटीवर. दोघे एकमेकांवर आदळले, तेव्हा तो नाद वेशीपर्यंत गेला आणि शेजारची चूलसुद्धा हसून फुलली.

"आता फडताळात पाय ठेवू नकोस," हंडा कपाळ पुसत म्हणाला.

फडताळातली टाळाची जागा गेली, ती गेलीच.