साळूचं वरचं बीळ

सह्याद्रीतल्या एका उंच डोंगरावर एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर लांबलचक काटे, पण स्वभाव इतका भिडस्त की कोणी समोर आलं की ही आधी काटे मिटून घ्यायची. तिची दोन बिळं होती. एक खाली ओढ्याकाठी, उन्हाळ्यात गारेगार, पण पावसाळ्यात त्यात पाणी भरायचं. म्हणून दुसरं वर, कड्याजवळ, खडखडीत कोरडं. त्याच्या तोंडाशी बसलं की सगळी दरी दिसायची. साळूला त्या दरीचं फारसं कौतुक नव्हतं. तिला यंदा पिल्लं होणार होती, आणि पावसाच्या आत वर जायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ऐन वैशाखात सपाटीवरचा एक कोल्हा डोंगर बघायला आला. दरीपुढे उभा राहून म्हणाला, "अहाहा! ताई, काय हवा आहे हो तुमच्याकडे! वरचं बीळ रिकामंच दिसतंय. चार दिवस राहिलो तर चालेल ना?"

"राहा की भाऊ, त्यात विचारायचं काय?" साळू म्हणाली.

आता त्या डोंगरावर एक रीत होती. पाहुण्याला 'या' म्हणायचं, 'बसा' म्हणायचं, पण 'निघणार कधी?' हे काही झालं तरी विचारायचं नाही. ते फार अपमानाचं समजत. कोल्ह्याला ही रीत कळायला कितीसा वेळ लागणार! त्याने लगेच सपाटीवर निरोप धाडला, "या रे सगळे! इथे कोणी जा म्हणत नाही!"

मग काय विचारता! कोल्ह्याचा मेहुणा आला, मेहुण्याचं बिऱ्हाड आलं, मुंगसं आली. सशांचं एकच जोडपं आलं होतं, पण मुलांनो, ससेच ते, बघता बघता त्यांची वस्ती झाली. बरं, आले तर आले, पण प्रत्येकाला दारातून दरीच दिसायला हवी! मागच्या उतारावर एवढी जागा मोकळी पडली होती, तिकडे कोणी ढुंकून बघेना. कड्याच्या बाजूला बीळ, त्या बिळाच्या डोक्यावर बीळ, त्याच्या बगलेत आणखी एक. मध्ये येते म्हणून कारवी उपटली, सावली पडते म्हणून करवंदीच्या जाळ्या तोडल्या. हिरवागार डोंगर बघायला आले आणि डोंगर पार बोडका करून बसले. वर पुन्हा एकमेकांना म्हणायचे, "पूर्वीसारखं राहिलं नाही हो इथे!" सांगा आता, काय बोलायचं यांना?

साळूच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. ढग जमायला लागले, तिचे दिवस भरत आले, आणि कोल्हा आपला वरच्या बिळात पाय पसरून पडलेला. शेजारची म्हातारी घोरपड तिला म्हणाली, "अगं, विचार ना त्याला एकदा, कधी जाणार म्हणून!"

"मावशी, तुम्हीच विचारा ना."

"मी? छे बाई! वाईट दिसतं ते."

शेवटी साळू धापा टाकत वर गेली. काटे मिटून, घसा खाकरून म्हणाली, "भाऊ, पाऊस जवळ आला हं आता."

"हो ना ताई! इथला पाऊस म्हणे बघण्यासारखा असतो. तो बघितल्याशिवाय मी काही हलत नाही!"

साळू आली तशी परत फिरली. वाटभर ती स्वतःवरच चरफडत होती.

इकडे कोल्ह्याने मोठ्या खडकावर सभा भरवली. "मंडळी, गर्दी फार झाली आहे," तो गंभीर चेहरा करून म्हणाला. "अशाने डोंगराची शोभा जाईल. आजपासून डोंगरावर नवीन कोणालाही जागा नाही!" सगळ्या मुंगसांनी आणि सशांनी माना डोलावल्या. स्वतः आत शिरल्यावर दार लावून घ्यायला सगळे कसे एका पायावर तयार असतात!

दुसऱ्या दिवशी खालच्या बिळात साळूला दोन पिल्लं झाली. आणि पाऊस असा कोसळला की ओढ्याचं पाणी थेट बिळात. साळू कशीबशी पिल्लांना घेऊन वर पोचली. तिघंही भिजून थरथरत होती. कोल्हा बिळाच्या तोंडाशी बसून पाऊस बघत होता.

"भाऊ, जरा सरका. पिल्लं गारठली आहेत."

कोल्ह्याने पिल्लांकडे निरखून बघितलं. "ताई, ही दोघं कधी आली?"

"आजच झाली."

"म्हणजे सभेनंतर! मग ही नवीन की हो. नवीन कोणाला जागा नाही असं ठरलंय ना? माझं काही म्हणणं नाही, पण नियम म्हणजे नियम."

नवीन? तिची पिल्लं नवीन? तिच्या बिळाच्या दारात? मग मात्र तिचं डोकंच फिरलं. तिने पिल्लांना खडकाच्या आडोशाला ठेवलं आणि गर्रकन पाठ फिरवली. आजवर मिटून घेतलेले काटे एकदम ताठ उभे राहिले, खळखळ वाजू लागले, आणि ती मागे सरकत सरकत बिळात शिरू लागली.

"अहो ताई! अहो, टोचतंय!" कोल्हा आत आत जात पार भिंतीला टेकला.

"भाऊ," साळू ओरडली, "निघणार कधी?"

"आत्ता! या क्षणी! आधी बाहेर तर पडू द्या!"

साळू बाजूला झाली, आणि कोल्हा शेपूट आवळून भर पावसात जो पळाला तो सपाटीवर जाऊन थांबला. त्याच्यामागे मेहुण्याचं बिऱ्हाडही गेलं. ते बघून घोरपडीलाही चेव आला. ती बिळाबिळाच्या दाराशी जाऊन तोच प्रश्न विचारत सुटली. बरेच जण गेले. ज्यांना राहायचंच होतं ते मुकाट्याने मागच्या उतारावर राहायला गेले. पिल्लं कोरड्या बिळात आईला बिलगून झोपली.

तेव्हापासून त्या डोंगरावर पाहुण्याला एका दमात म्हणतात, "या, बसा, निघणार कधी?" कोणी रागवत नाही. उपटलेली कारवी मात्र अजून उगवलेली नाही.

तात्पर्य : भिडेपोटी जो गप्प बसतो, त्याच्यावर आपल्याच घरात जागा मागायची पाळी येते, म्हणून जे विचारायचं ते पहिल्याच दिवशी, तोंडावर विचारावं.