खोडाकडे तोंड

माणसांनी शाळा काढायच्याही आधी रानात एक शाळा होती. तिचा गुरुजी मी, राजवाड्याच्या पिंजऱ्यातून सुटलेला पोपट. सातभाई पक्ष्यांच्या पिल्लांना मी फक्त राजवाड्याची भाषा शिकवायचो. कुणी घरच्या भाषेत बोललं, की खोडाकडे तोंड करून उभं!

एकदा वर्गाच्या फांदीवर धामण चढली. मी राजवाड्याच्या भाषेत ओरडलो, "पळा!"

पिल्लं नेहमीप्रमाणे माझ्यामागून एका सुरात म्हणाली, "पळा!" हललं मात्र कुणीच नाही. उच्चार इतके शुद्ध, की तेवढ्यातही मला भरून आलं.

मग त्यांची आई घरच्या भाषेत कलकलली आणि सगळी भुर्रकन उडाली.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत दोन्ही भाषा सुरू झाल्या. घरच्या भाषेचा तास आई घ्यायची. त्या तासाला खोडाकडे तोंड करून मी उभा असायचो.