राळेची झडप

फार फार वर्षांमागे, राजांना आपल्या गावच्या कारागिरांची नावं तोंडपाठ असत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, थोरांनीही ऐकावी. थोरांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका राजधानीत म्हाळसा नावाची बाई राहत होती. जुन्या लाकडी सामानाला उजाळा देणं हे तिचं काम. काळवंडलेला देव्हारा असो की चिकटलेली पेटी, म्हाळसाच्या हातून गेली की वस्तू नवी होऊन परत जायची. तीस वर्षं या कामात गावाला दुसरं नाव माहीत नव्हतं.

मग शेजारच्या घरात सगुणा सून होऊन आली. हेच काम ती माहेरी शिकली होती. दोन वर्षांत लोक म्हणू लागले, "सगुणेचा हात फार हलका आहे हो."

म्हाळसाचा हात जड आहे असं कुणीच म्हटलं नव्हतं. पण म्हाळसाला तेच ऐकू यायचं. सगुणेच्या दारात गाडी थांबली की ही दोन अंगणांमधल्या कुडाच्या फटीला डोळा लावायची. कोण आलं, काय आणलं, सगळं बघायची, आणि मग त्या दिवशी तिला भाकरी गोड लागायची नाही.

एके दिवशी राजवाड्याचे कारभारी आले. राजकन्येचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. रंगमहालाच्या शिसवी दारावर पूर्वी कधीतरी थंडीसाठी कापड चिकटवलं होतं. कापड कुजून गळून गेलं, पण चिकटा तसाच राहिला, दगडासारखा वाळलेला. त्याखाली पोपटांची आणि वेलींची कोरीव नक्षी दडली होती.

कारभारी म्हणाले, "एकीच्या हातून आठ दिवसांत होणार नाही. दाराची एक झडप म्हाळसाबाईंना, दुसरी सगुणेला. नक्षीला ओरखडा पडता कामा नये."

म्हाळसाला वाटलं, कुणीतरी थोबाडीत मारली. तीस वर्षांची आपण आणि दोन वर्षांची ती, दोघींना सारखं माप!

एरवी तिने आधी ओलं बोट फिरवून चिकटा कसला आहे ते पाहिलं असतं. पण त्या दिवशी झडप अंगणात टेकवली आणि ती थेट कुडाच्या फटीशी गेली.

पलीकडे सगुणेने कोमट पाण्यात फडकं पिळून झडपेवर पसरलं होतं आणि ती नुसती बसून होती. थोड्या वेळाने तिने फडकं उचललं, बांबूची कामटी हलकेच सारली, आणि सायीसारखी चिकट्याची पापडी निघाली. खालून एका पोपटाची चोच दिसली.

म्हाळसा धावत माघारी आली. तिनेही पाणी तापवलं, फडकं पसरलं. पण तिच्या झडपेवरचा चिकटा हलेना. तिने पाणी आणखी तापवलं. चिकटा हलेना. ती पुन्हा फटीशी गेली. सगुणेचे पाच पोपट मोकळे झाले होते.

असे पाच दिवस गेले. म्हाळसा दहा वेळा पलीकडे बघायची आणि एकदा आपल्या झडपेकडे. सहाव्या दिवशी पलीकडची सगळी वेल दिसू लागली, तेव्हा तिचा तोल सुटला. तिने लोखंडी पटाशी उचलली आणि खरवडायला सुरुवात केली. चिकट्याचा एक टवका उडाला, दुसरा उडाला, आणि पटाशी सटकली. तीन पोपटांच्या माना एका झटक्यात गेल्या.

तिने तुटलेल्या माना उचलायला हात घातला. उडालेला टवका तिच्या बोटाला लागला. तिने तो चोळून हुंगला. राळ! एका झडपेला पिठाची खळ लावली होती, दुसरीला झाडाची राळ. खळ पाण्याने सुटते. राळेला तेल लागतं. कोमट तेल लावून दिवसभर मुरू द्यायचं, मग चिंधीने पुसायचं. हे म्हाळसाइतकं गावात कुणालाच माहीत नव्हतं. पण उडालेल्या माना आता तेलाने परत येणार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी कुडापलीकडून रडण्याचा आवाज आला. म्हाळसा गेली. सगुणेची झडप स्वच्छ झाली होती, पण सततच्या ओलीने लाकडावर पांढुरके डाग उमटले होते, कोड फुटावं तसे.

खोटं कशाला सांगा, म्हाळसाला बरं वाटलं. अगदी आतून गार वाटलं. बरी जिरली, असं मनात म्हणून ती वळलीसुद्धा.

"मावशी, तुमची तर केव्हाच झाली असेल," सगुणा डोळे पुसत म्हणाली. "तुम्हाला विचारायचं रोज मनात यायचं, पण धीर झाला नाही. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, त्या गावात म्हाळसाबाई आहेत. त्यांच्यापुढे आपलं नाव कुणी घेणार नाही. ते खरंच आहे."

म्हाळसा थबकली. दोन वर्षं ती जिच्यावर जळत होती, ती तिलाच घाबरून होती. तिने पुन्हा त्या डागाळलेल्या लाकडाकडे पाहिलं आणि तिला राहवलं नाही.

"रडतेस काय? तिळाचं तेल आण," ती म्हणाली. "आणि चुलीतली राख, वस्त्रगाळ करून."

दोघींनी संध्याकाळपर्यंत तेल-राखेने झडप चोळली. डाग गेले. शिसव काळंभोर चमकू लागलं. चोळता चोळता म्हाळसाच्या मनात येत होतं, ही चमक सगुणेच्या नावावर जाणार. तरी तिचा हात थांबला नाही.

आठव्या दिवशी दोन्ही झडपा राजापुढे उभ्या राहिल्या. राजाने सगुणेला शालू दिला. सगुणा हात जोडून म्हणाली, "महाराज, ही चमक म्हाळसामावशींच्या हातची आहे. माझ्याकडून लाकूड डागाळलं होतं."

राजाने मान मोडलेल्या पोपटांकडे पाहिलं. "बाई, दुसरीची झडप वाचवण्याइतकी विद्या तुमच्याकडे होती. मग तुमच्या झडपेचं असं का झालं?"

म्हाळसाने मान खाली घातली. "महाराज, सहा दिवस माझे डोळे तिच्या झडपेवर होते. माझी मी पाहिलीच नाही."

राजाने त्या तुटक्या मानांवरून बोट फिरवलं. मग त्याने म्हाळसाची झडप बाजूला ठेवून दारात तिच्या जागी साधी फळी बसवायला सांगितलं. लग्नाची वरात त्या दारातून गेली, एका बाजूला पोपट आणि वेली, दुसऱ्या बाजूला कोरी फळी. राजवाड्याचं नक्षीकाम त्यानंतर सगुणेकडे जाऊ लागलं. अडलं की ती म्हाळसाला हाक मारी, आणि म्हाळसा जाई.

तात्पर्य: जो दुसऱ्याच्या कामावर जळत बसतो, त्याची स्वतःची विद्या त्याच्याच कामी येत नाही.