आवळलेली तार

खूप खूप मागे, जेव्हा खेचरं बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकून घेत असत, तेव्हा एका डोंगराळ राज्यात एक सुईण राहत होती. तिच्याकडे मोटारसायकल होती. इतक्या जुन्या काळी मोटारसायकल आली कुठून, असं कुणी विचारेल. विचारू नका. बोलणारं खेचर चालवून घेतलंत, तसं हेही घ्या.

त्या राज्यातले पाडे डोंगराच्या घड्यांमध्ये विखुरलेले होते आणि सगळ्यांना मिळून सुईण ही एकच. आज या पाड्यावर, उद्या त्या. जेवायला बसली की सांगावा यायचा, डोळा लागला की सांगावा यायचा. बाई दमली होती. आजच्या दिवसाची दमणूक नव्हती ती, हाडांत मुरलेली होती. झोप काढली तरी ती जात नसे. तरीही सुईण म्हणायची, "मी ढिली पडले तर या बायांनी बघायचं कुणाकडं?"

ढिलेपणाचा तिला भारी तिटकारा. खाटेची दोरी ती येता-जाता ताणायची. पदर असा खोचायची की श्वास घ्यायची चोरी. मोटारसायकलचीही तीच गत. गाडीच्या डाव्या मुठीपाशी क्लचची दांडी असते. ती दाबली की इंजिन आणि चाक यांची ताटातूट होते. सोडली की आतल्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात आणि इंजिनाचा जोर चाकाला मिळतो. या दांडीची तार जराशी सैल ठेवायची असते. सुईणीला ते सैलपण खपत नसे. दिसलं की ती पाना काढी आणि तार आवळून टाकी.

गेले काही दिवस गाडी चढावर रडत होती. इंजिन ओरडायचं नि गाडी रांगायची. सुईणीला वाटलं, इंजिन माझ्यासारखंच थकलं. तिनं तेल बदललं, प्लग घासला, गाडीला नारळसुद्धा फोडला. कशानं फरक पडेना. तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, "पकड कमी झालीय. तार सैल पडली असणार." आणि तिनं ती आणखी आवळली.

अशात एका दुपारी वरच्या पाड्यावरून सांगावा आला. पहिलटकरीण बाई, सकाळपासून कळा देतेय, पण मूल पुढे सरकत नाही. सुईणीनं हातातला घास ताटात ठेवला आणि गाडीला किक मारली.

घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत गाडी कशीबशी गेली. पुढे खडा चढ लागला. सुईणीनं रेस वाढवली. इंजिन असं ओरडलं की झाडावरची पाखरं उडाली, पण गाडी जागची हलेना. तिनं आणखी रेस दिली. खालून जळका वास येऊ लागला. शेवटी तिनं गाडी मागे सरकवत वळणावरच्या सपाट जागेत आणून उभी केली आणि कपाळाला हात लावला. वर एक बाई मरणाच्या दारात होती आणि ही इथं अडकली होती.

बाजूला एक म्हातारं खेचर चरत होतं. गाडी येण्याआधी सुईणीला तेच वर नेत असे.

"कोण वरडतंय एवढं?" खेचरानं विचारलं.

"इंजिन. मेलं ते आता."

"मेलेलं वरडत न्हाई, बाई. आवाज तर झकास हाय. म्हंजी पोटात ताकद हाय, ती चाकापत्तूर जात न्हाई. मधी कोन हाय त्यांच्या?"

"मधी क्लच."

"मग त्याला इचार की. उगं इंजिनाच्या नावानं का रडतीस?"

सुईणीला राग आला, पण बोलणं पटलं. तिनं गाडी सुरू केली, वरचा गिअर टाकला, पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि थोडी रेस देत क्लचची दांडी हळूहळू सोडली. क्लच धड असता तर इंजिन आचका देऊन बंद पडलं असतं. ते बंद पडलं नाही. दांडी पुरती सुटली, चाक जागच्या जागी, आणि इंजिन मजेत चालूच. आत प्लेटा एकमेकींना धरत नव्हत्या, नुसत्या घासत होत्या.

"पर मी तर तार रोज आवळते!" सुईण म्हणाली.

"माझ्या पोटाचा पट्टाबी एकदा असाच आवळला हुतास," खेचर म्हणालं. "एरवी बोटं शिरतील एवढी जागा ठेवायचीस. त्या दिशी घाई हुती तुला. छाती फुगंना, पाय उचलंना. वाटंत बसलो मी, आन तू मला आळशी म्हनालीस."

सुईणीनं दांडीला बोट लावलं. दांडी जरासुद्धा मोकळी हलत नव्हती, तार आधीच ताठ ओढलेली होती. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तार इतकी ताणलेली, म्हणजे हात काढला तरी दांडी आतून अर्धवट दाबलेलीच राहत होती. प्लेटांना एकमेकींना पुरतं धरायची सवडच मिळत नव्हती. पकड घट्ट व्हावी म्हणून तिनं जे केलं, त्यानंच पकड गेली होती.

तिनं पाना काढला आणि तार सैल केली. गाडी सपाटीवर चालली. चढाला लागताच पुन्हा ओरडली आणि थांबली. प्लेटा जळून गेल्या होत्या. आता सैल करून भागण्यासारखं नव्हतं.

सुईण रस्त्याच्या कडेला मटकन बसली. "मला न्हेशील का रं वर?"

"माझी पाठ गेली, बाई. आन चालत गेलीस तर सांज हुईल. वर कुनीच न्हाई का?"

"हाय की. धाकटी हाय. किती वर्षं माझ्या हाताखाली शिकतीया."

"मग?"

"मी आल्याबगर हात लावायचा न्हाई, असं सांगून ठेवलंय तिला."

"का? शिकली न्हाई व्हय नीट?"

सुईणीनं हातातला पाना पदराला पुसला. मग म्हणाली, "शिकली. माझ्यापरीस हात हलका हाय तिचा."

खेचरानं तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवताला तोंड लावलं.

सुईण उठली. डोंगरातली माणसं दरी ओलांडून एकमेकांना हाळी घालतात, आणि त्या वळणावरून वरचा पाडा समोरच दिसत होता. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"धाकटेऽऽ! माझी वाट बघू नकोऽऽ! तूच करऽऽ!"

थोड्या वेळानं पलीकडून बारीक आवाज आला. "मावशेऽऽ, मला जमंल काऽऽ?"

सुईणीच्या ओठांवर शंभर सूचना आल्या. पाणी कडकडीत कर, घाई करू नको, अमुक बघ, तमुक विसरू नको. तिला त्या गिळणं फार जड गेलं. आयुष्यात इतकं जड तिला काही गेलं नव्हतं.

"जमंलऽऽ!" एवढंच ती ओरडली, आणि पायवाटेला लागली.

चढ चढताना तिचा जीव टांगणीला लागला होता. ती पोचली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. झोपडीतून रडण्याचा आवाज येत होता. सुईण दारातच थबकली. रडतंय कोण, हे कळेपर्यंत तिला आत पाऊल टाकवेना. मग नीट ऐकू आलं. रडणं तान्ह्याचं होतं.

आत बाळंतीण पेज पीत होती. धाकटी बाळाला फडक्यात गुंडाळत होती.

"तिला उकिडवं बसवलं, कंबर चोळली, तवा सरकलं," धाकटी म्हणाली. "डोकं दिसलं तर गळ्याला नाळंचा येढा. तो सोडवला. तुमची हाळी आली तवा मी हात बांधून बसले हुते, मावशे. तशीच बसले असते तर..."



सुईणीनं सवयीनं हात धुतले आणि ती उभी राहिली. करायला काहीच उरलं नव्हतं. तिला एकदम रडू फुटलं. जीव वाचला म्हणून, आणि इतकी वर्षं हा सगळा भार एकटीनं वाहायची काहीच गरज नव्हती, हे कळलं म्हणूनही. धाकटीनं तिला भिंतीशी बसवलं, खोचलेला पदर सोडून दिला. बाळ रडत होतं, बाया येत-जात होत्या, आणि सुईण त्या गलक्यात गाढ झोपली. पुढचा सांगावा आला तेव्हा तिला कुणी उठवलं नाही. धाकटी गेली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवायचं ते इतकंच: जराशी ढील ठेवली तरच पकड टिकते, आणि जो सगळंच आवळून धरतो, त्याच्या हाती शेवटी नुसता आवाज उरतो.