आजोबांच्या मिशीवरची ओल

राजा धैर्यसिंहाच्या आजोबांच्या मिशीवरून पाणी ठिबकू लागलं, तेही ऐन चैत्रात!

आजोबा म्हणजे दरबाराच्या भिंतीवर रंगवलेलं चित्र. भिंतीला ओल आली, पोपडे सुटले आणि मिशीचं डावं टोक गळून सिंहासनावर पडलं.

"बोलवा त्या लिंबाजी गवंड्याला!" राजा गरजला.

लिंबाजी म्हातारा. महाल त्यानेच बांधलेला. त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून मुलगी हौसा बरोबर आली.

राजाने समोरच्या भल्यामोठ्या पडद्याकडे बोट दाखवलं. राजाला संगणकाचं भारी वेड. त्यात त्याने महालाचा जुळा भाऊच उभा करून घेतला होता. खांब न् खांब, नळ न् नळ तोच! ऊन कुठे येईल, पाणी कसं वाहील, दिवे किती जळतील, सगळं आधी त्यात बघायचं आणि मग महालात हुकूम सोडायचा. ते काम रघुपंतांकडे होतं.

"बघ! या महालात कुठे ओल दिसते?"

"नाही, महाराज," हौसा म्हणाली.

"मग खऱ्या महालात कशी आली? नकाशा तोच, भिंती त्याच. तुझ्या बापाने चुन्यात माती कालवली!"

लिंबाजीला नेमकं एवढंच ऐकू गेलं. त्याची मान खाली गेली.

हौसाच्या मस्तकात तिडीक गेली. "महाराज, वर गच्चीवर काही..."

"गच्चीवर काही नाही! संगणकात बघ. जे संगणकात नाही, ते महालात नाही!"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या.

"आठ दिवसांत दोन्ही महाल हुबेहूब सारखे झाले पाहिजेत. केसाचाही फरक नको! नाहीतर थापी इथे ठेवायची आणि राज्याबाहेर चालू लागायचं!"

घरी येऊन लिंबाजी थापी मांडीवर घेऊन बसला. पन्नास वर्षं वापरलेली थापी. मुठीला त्याच्या बोटांचे खळगे पडले होते. जेवायला उठेना.

"भिंत घासून नवी केली तरी पाणी येतच राहणार, पोरी. कुठूनतरी झिरपतंय ते."

हौसा त्याच्या कानाशी जाऊन ओरडली, "बाबा, तुम्ही जत्रेला गेला होतात तेव्हा गच्चीवर विटा चढत होत्या! कशाच्या?"

"हौदाच्या असणार! महाराजांना बदकं पोहताना बघायची होती. मी नाही म्हटलं. म्हटलं, ही गच्ची पाणी धरायची नाही. म्हणजे मी जत्रेला गेलो आणि त्यांनी तो दुसऱ्याकडून बांधून घेतला!"

हौसा उठली ती थेट रघुपंतांकडे गेली.

"हळू बोल!" पंत दार लावत म्हणाले. "महाराजांचा तोंडी हुकूम आहे, हौद पडद्यावर दाखवायचा नाही. लिंबाजीने नको म्हटलेली वस्तू रोज डोळ्यांसमोर कशाला, म्हणाले."

"पंत, जुना हुकूम मोठा की नवा?"

"नवा."

"नवा हुकूम काय? दोन्ही महाल सारखे करा. मग उघडा यंत्र!"

आठव्या दिवशी दरबार भरला. डाग झाकायला राजाने आजोबांवर मखमली पडदा सोडला होता. त्याने हात पुढे केला.

"थापी!"

"आधी जुळा भाऊ बघा, महाराज," हौसा म्हणाली.

संगणकाचा पडदा उजळला. संगणकातल्या महालातही भिंत ओली! तीच जागा, तेवढाच डाग.

"हे काय? मी ओल घालवायला सांगितली होती!"

"नाही, महाराज. दोन्ही सारखे करा म्हणालात. कोणता बदलायचा, ते कुठे म्हणालात?"

दिवाणांना एकदम खोकला आला.

"डाग रंगवलास तू!"

"मी बोटही लावलं नाही. पंतांनी फक्त गच्चीवरचा हौद मांडला, आहे तसा. पाणी संगणकानेच खाली आणलं. पंत, आता हौद काढा."

पंतांनी कळ दाबली. पडद्यावर चाळीस दिवस भराभर सरले. डाग आक्रसत गेला आणि दिसेनासा झाला.

"आता पुन्हा फरक पडला की! पण या खेपेला सारखं करणं बाबांच्या हातात नाही, महाराज. हौद तुमचा आहे."

राजा सिंहासनावरून उठलाच. "यंत्राला काय कळतं! ते पाणी हौदाचंच कशावरून?"

सगळा दरबार राजाच्या तोंडाकडे बघत राहिला. राजालाही आपलं बोलणं ऐकू गेलं असावं. तो सावकाश खाली बसला.

"आम्ही गवंडी लोक पाण्यात रंग टाकतो आणि वाट बघतो," हौसा म्हणाली. "रंगपंचमीचा लाल रंग उरला होता. परवा सगळा हौदात ओतला."

तिने मखमली पडदा सर्रकन ओढला. आजोबांच्या ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीपर्यंत लालभडक ओघळ!

लिंबाजीने डोळे बारीक करून चित्र पाहिलं आणि बहिऱ्याच्या मोठ्या आवाजात विचारलं, "थोरल्या महाराजांना पानाचा नाद कधी लागला?"

राजा आधी लाल झाला, मग फुटलाच. हसता हसता त्याचा मुकुट एका कानावर आला. सगळा दरबार हसला.

"लिंबाजी, चुना तुझा चोख, खोट माझ्या हौदात!" राजा त्याच्या कानाशी ओरडला. "आजच फोडा तो! पोरी, बक्षीस माग."

"हौदातली बदकं द्या."

"बदकं? अगं, ती माझी लाडकी आहेत!"

"लाडकी असतील, महाराज. सध्या गुलाबी आहेत. पण मी संगणकात नीट पाहिलं, एकही बदक नाही. जे संगणकात नाही, ते महालात नाही. मग जे महालात नाहीच, ते देऊन तुमचं काय जातं?"

राजा पुन्हा हसत सुटला. त्याने बदकं दिली, ती पोहायला नदीकाठचं तळं दिलं आणि लिंबाजीच्या थापीला स्वतःच्या हाताने चांदीची मूठ बसवायला घेतली.

"मूठ नको, महाराज," हौसा म्हणाली. "खळगे झाकले जातील."