मोटारीचा इलाज सासऱ्यांना

एका गावात एक भोळा जावई होता. एरवी सासरचे लोक जावयाला भोळा म्हणत नाहीत. त्यांच्याकडे त्यासाठी दुसरे शब्द असतात. पण वसंता खोडके नेमका समोरच बसलेला असायचा, म्हणून ते भोळा म्हणत. वसंताला ते कौतुक वाटायचं.

त्याच्याकडे एक जुनी मोटार होती. चालताना बरी चालायची. उभी राहिली की मात्र इंजिन थरथरायचं, खोकायचं आणि विझायचं. अशातच सासरे आबाजी धाकट्या मुलीला, शेवंताला, घेऊन मुक्कामाला आले. तिला बघायला मुलाकडचे लोक रविवारी वसंताच्याच घरी येणार होते, आणि त्यांना स्टँडवरून याच मोटारीतून आणायचं होतं. आधीची स्थळं हातची गेलेली. आबाजी देव पाण्यात घालून बसले होते.

वसंता मोटार घेऊन गफूर मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं.

"कार्बोरेटरची तक्रार आहे. जुनं झालं की असंच. थंडीत सकाळी चोक ओढायचा, म्हणजे तिचा गळा जरा आवळला जातो. गरम झालं की सोडायचा. एवढं लक्षात ठेव."

"ठेवतो," वसंता म्हणाला. त्याची तीच तर खोड होती. तो लक्षात ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाडं गोठवणारी थंडी पडली. आबाजी गळ्याभोवती मफलर गुंडाळून ओट्यावर कुडकुडत बसले होते. वसंताला त्यांची दया आली. जुनं झालं की असंच. त्यानं मफलरची दोन्ही टोकं धरली आणि ओढली. आबाजींचे डोळे मोठे झाले, तोंड लाल झालं, आणि त्यांनी जावयाला काठी मारली.

"झाले गरम," वसंता म्हणाला, आणि लगेच सोडलं.

त्याची बायको विमल धावत आली. "अहो, गारठलेल्या माणसाचा गळा आवळतात का? अंगावर गोधडी घालावी. आल्याचा काढा पाजावा."

"मग हे आधी सांगायचं," वसंता म्हणाला. "आता लक्षात ठेवतो."

पुढच्या सकाळी मोटार खोकायला लागली. वसंतानं तिच्यावर गोधडी घातली. आल्याचा काढा केला, वर चार तुळशीची पानं टाकली, आणि चटका बसू नये म्हणून फुंकून फुंकून कार्बोरेटरमध्ये ओतला. मोटारीचा खोकला थांबला. बाकी सगळंही थांबलं.

मिस्त्री घरी आला. त्यानं कार्बोरेटर खोललं, आतून तुळशीचं पान काढलं आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला.

"खोडके," तो म्हणाला, "तिला काही पाजू नकोस. उभी असताना विझायला लागली की पायानं पेडल हळूहळू दाबत राहा. म्हणजे विझत नाही."

दुपारी आबाजी जेवून खुर्चीत टेकले. त्यांचे डोळे मिटायला लागले. विझताहेत, वसंताच्या लक्षात आलं. तो समोर बसला, त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. आबाजी दचकून जागे झाले. पुन्हा डोळे मिटले, वसंतानं पुन्हा दाबला. आबाजींच्या अंगठ्याला कुरूप होतं. पण मिस्त्री कुरुपाबद्दल काही बोलला नव्हता.

"जावईबापू," आबाजी दात आवळून म्हणाले, "म्हातारं माणूस बसल्या जागी झोपलं तर झोपू द्यावं. कुणी आवाज केला तर त्याला गप्प करावं."

शनिवारी मोटार बाजाराच्या ऐन रस्त्यात बंद पडली. वसंता हळूच उतरला. दार आवाज न करता लावलं. मागं दुधाचा टेम्पो अडला, त्याच्या मागं कांद्याचा ट्रॅक्टर, त्याच्या मागं बस. भोंगे वाजायला लागले. वसंता तोंडावर बोट ठेवून एकेकाकडे गेला.

"हळू. आत्ताच डोळा लागलाय."

बसचा कंडक्टर खाली उतरून वसंताच्या खानदानाविषयी बरंच काही बोलला. वसंतानं त्यालाही जरा हळू बोलायला सांगितलं.

शेवटी लोकांनी मिस्त्रीला धरून आणलं. मिस्त्रीनं मोटार नीट करून दिली आणि वसंताला समोर उभं केलं.

"ऐक. बंद पडली तर निजवायचं नाही. मागून जोरात ढकलायचं, सुरू होते. सुरू झाल्यावर फारच ओरडायला लागली, तर बाजूचा स्क्रू धरून मागं पिळायचा. आवाज खाली येतो. एकानं नाही जमलं तर पलीकडचा पिळायचा."

रविवारी मोटार शहाण्यासारखी चालली. त्या घरात कुणीतरी शहाणं असायला हवंच होतं. पाहुणे वेळेवर आले. शेवंतानं पोहे आणले. मुलानं तिच्याकडे बघितलं, तिनं मुलाकडे बघितलं, आणि दोघांनीही बशीकडे बघितलं.

मुलाचे वडील म्हणाले, "आबाजी, मुलगी आम्हाला पसंत आहे. तुमच्या मनात काय आहे ते बोला."

आबाजींचं मन भरून आलं. डोळ्यांत पाणी तरळलं. ओठ थरथरले, पण शब्द फुटेना. 

वसंता त्यांच्या मागंच उभा होता. त्याच्या काळजात धस्स झालं. ऐन वेळेला बंद पडले. मेहुणीचं सोन्यासारखं स्थळ जाणार. त्यानं दोन्ही हात आबाजींच्या पाठीला लावले आणि जोरात ढकललं.

आबाजी पोह्यांसकट व्याह्यांच्या मांडीवर जाऊन पडले. आणि सुरू झाले. मफलरपासून साठलेलं सगळं बाहेर यायला लागलं. आवाज पार चावडीपर्यंत गेला.

"पहिल्याच धक्क्याला," वसंता पाहुण्यांना अभिमानानं म्हणाला.

पाहुणे उठून उभे राहिले. विमलनं कपाळावर हात मारला. लग्न पुढं झालं म्हणा; मुलाला शेवंता आवडली होती, आणि असा साडू असला की आपण जन्मभर शहाणे ठरू, हे त्या हुशार मुलानं जागच्या जागी ओळखलं. पण त्या घटकेला घरात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता, आणि आबाजींचा आवाज काही केल्या खाली येत नव्हता.

"घाबरू नका," वसंता म्हणाला. "आत्ता बसवतो."

तो पुढं झाला. सासऱ्यांचा उजवा कान धरला आणि मागं पिळला.

आवाज खाली आला नाही. उलट वाढला.

"हरकत नाही," वसंता म्हणाला, आणि त्यानं पलीकडचा धरला.